होता, होता आणि होता

आमच्या सोसायटीत कोजागिरीचं दूध गॅसवर आटत नाही, काव्यवाचनावर आटतं. यंदा स्पर्धेचं परीक्षकपद माझ्या गळ्यात पडलं. कविता व्हॉट्सअॅपवर आल्या, बहुतेक रात्री साडेअकरानंतर, आणि प्रत्येकीखाली 'कसं वाटलं नक्की कळवा'. माझी पुतणी 'डेटा'मध्ये नोकरी करते. म्हणजे नेमकं काय करते, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. पण तिला माझी दया आली. तिने सगळ्या ओळी एक्सेलमध्ये ओतल्या, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वेगळ्या रकान्यात काढला आणि अकारविल्हे लावला. पडद्यावर रेशनची रांग उभी राहिली. आहे, आहे, आहे, आहे. त्यामागे नाही, नाही. त्यामागे होता, होती, होते. मध्येच एकटा 'प्राजक्त', चुकून दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा अवघडून.

"काका, हे आहे-होतावाले सगळे बाद ना? अर्धं काम इथेच संपतं."

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात मला सोळाव्या शतकातला एक हंगेरियन आठवला आणि मी म्हणालो, थांब जरा.

त्याचं नाव तिनोदी शेबेश्त्येन. तिनोदी हे आडनाव. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव मागून, अगदी आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. धंद्याने हा शाहीर. १५२६ साली मोहाचला हंगेरीचा राजा पडला, १५४१ला बुदा तुर्कांच्या हातात गेलं, आणि उरलेल्या मुलखात रोज कुठला ना कुठला किल्ला वेढला जात होता. तिनोदी या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर जायचा, लढाईतून जिवंत आलेल्यांना गाठायचा, कोण कुठे उभा होता, तोफा किती होत्या, दारूगोळा कधी संपला हे विचारून घ्यायचा आणि मग ल्यूट नावाचं तंतुवाद्य छेडत ते गाऊन दाखवायचा. १५५२चा एगेरचा वेढा त्याने असाच गायला. १५५४ साली कोलोझ्वारला, म्हणजे आजच्या रुमानियातल्या क्लुजला, त्याचं 'क्रोनिका' चालींसकट छापून निघालं. आपल्याकडे अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा यायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती.

राजा फर्डिनंडने १५५३मध्ये त्याला सरदारकी दिली. मानचिन्ह मिळालं. मानधनाचं काय झालं ते त्याच्या काव्याच्या शेवटी कळतं. तिथे तो सांगतो, की आपण थंड खोलीत बसलोय, बोटांच्या नखांवर फुंकर मारतोय, कारण थैलीत पैसा नाही. सन्मानपत्र भिंतीवर आणि सरपण संपलेलं. मराठी कवीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर या तिनोदीची पुढच्या पिढ्यांनी कशापायी टर उडवली असेल? यमकापायी. त्याच्या कडव्यातल्या ओळींमागून ओळी एकाच शब्दावर येऊन थांबतात, 'वॉलॉ'. अर्थ साधा, 'होता'. पाशा आलेला होता, तोफ डागत होता, किल्लेदार बघत होता. चार ओळी, चार होता. पुढचं कडवं, पुन्हा होता. हंगेरियन समीक्षेत 'वॉलॉ-वॉलॉ' म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. आपल्याकडे 'ट ला ट' म्हटलं की पुरतं, तसंच.

पण बिचाऱ्याचा दोष निम्मा, भाषेचा निम्मा. हंगेरियन ही शेपटीवाली भाषा आहे. शब्दाला एकामागून एक प्रत्यय चिकटत जातात आणि ओळीच्या टोकाला शब्द नसतोच, प्रत्यय असतो. वर स्वरांचे दोन पक्ष, वधूपक्ष आणि वरपक्ष असावेत तसे. 'हाज़' म्हणजे घर, 'घरात' म्हणजे 'हाज़बॉन'. 'केर्त' म्हणजे बाग, पण 'बागेत' म्हणजे 'केर्तबेन'. शब्दातले स्वर ज्या पक्षाचे, त्या पक्षाचा प्रत्यय. म्हणजे एका पक्षाची चार नामं चार ओळींच्या टोकांना उभी केली, की यमक आपोआप, फुकट, घरपोच. अशा यमकाला तिथे 'रॉगरीम' म्हणतात, प्रत्यय-यमक. चारही ओळींना एकच यमक असलं तर 'बोकोर्रीम', म्हणजे झुडूपयमक. आणि ओढूनताणून, कवीचा आणि वाचकाचा दोघांचा जीव घेऊन जुळवलेलं यमक असेल तर 'कीनरीम'. यातलं 'कीन' म्हणजे यातना. यमकाच्या छळाला शास्त्रीय नाव देणारी भाषा मला अतिशय सुसंस्कृत वाटते. आपण अजून 'छान जमलंय' म्हणून सोडून देतो.

सोळाव्या शतकातली हंगेरियन कविता म्हणजे असं झुडपाचं रान. आणि हे रान मोजायला कुणीतरी कॉम्प्युटर घेऊन शिरलं, ही खरी गंमत.

शिरणाऱ्याचं नाव इव्हान होर्वात. सेगेदच्या विद्यापीठातला तरुण अभ्यासक. १९७०च्या दशकात, म्हणजे कॉम्प्युटर कपाटाएवढा असायचा आणि त्याच्याकडून कारखान्याचे हिशेब करून घ्यायचे असतात असा सर्वांचा समज होता तेव्हा, याने ठरवलं की १६०० सालापर्यंतची प्रत्येक हंगेरियन कविता यंत्रात नोंदवायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. उत्तम, बरी, वाईट आणि ज्या वाचताना कोंबडीलाही झोप लागेल अशा धर्मोपदेशपर, सगळ्या. दीड हजाराच्या आसपास भरल्या. कवितेची पहिली ओळ, कवी, साल, कुठल्या हस्तलिखितात सापडते, कडव्याची अक्षरसंख्या किती, यमकाचा नकाशा काय, कुठल्या चालीवर गायची, कडव्यांच्या आद्याक्षरांतून कवीने आपलं नाव लपवलंय का. (लपवलेलं असायचंच. तिनोदीही लपवायचा. कॉपीराइटचा कायदा नसला की माणूस आद्याक्षरांना कामाला लावतो.)

पुढ्यात नमुना होता, तोही एका हंगेरियनाचाच. इश्तवान फ्रांक या हंगेरीत जन्मलेल्या विद्वानाने फ्रान्सच्या जुन्या त्रुबादूर कवींच्या वृत्तांची आणि यमकांची अशीच जंत्री १९५३ ते १९५७मध्ये दोन खंडांत काढली होती. कॉम्प्युटरशिवाय. हंगेरियन लोकांना इतरांची यमकं मोजायची हौस दांडगी, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. स्वतःची मोजायला वीस वर्षं लागली.

आता यमक मोजायचं म्हणजे काय अवघड? ओळीच्या शेवटची दोन अक्षरं बघायची, सारखी दिसली की जुळली. माझ्या पुतणीचंही हेच मत. मी तिला विचारलं, "समज, एकाने 'पाणी' लिहिलं, दुसऱ्याने 'पानी'. राणीशी कोण जुळतं?" ती म्हणाली, "स्पेलिंग आधी सुधारून घ्यायचं." सुधारायचं कुणाच्या उच्चाराने? जुन्या हंगेरियन पोथ्यांत एकच 'च' चार तऱ्हांनी लिहिलेला असतो, ऱ्हस्व-दीर्घाची खूण कुणी करतं, कुणी करत नाही. तिनोदी ज्या बोलीत बोलायचा तिच्यात इतरांच्या 'ए'च्या जागी ओठ गोल करून काढलेला 'ओ'सारखा स्वर येतो. उच्चार माहीत असेल तर यमक ओळखता येईल. आणि चारशे वर्षांपूर्वीचा उच्चार कशावरून कळणार? तर यमकावरून. अमुक शब्द तमुक शब्दाशी जुळवलाय, म्हणजे दोन्हींचा शेवट सारखा ऐकू येत असणार. किंवा कवीच टुकार असणार. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

या चक्रातून सुटायची एक नामी युक्ती प्रागच्या पेत्र प्लेखाचने २०१८मध्ये काढली. त्याने यंत्राला यमकाचे नियम शिकवलेच नाहीत. त्याने सांगितलं, आधी कान बंद ठेव, फक्त सोबत बघ. कुठले शब्द योगायोगाने येतील त्याहून जास्त वेळा एकमेकांजवळच्या ओळींच्या टोकाला येतात? नाक्यावरच्या टपरीवर रोज त्याच दोघांना एकत्र कटिंग पिताना पाहिलं, की त्यांचं काहीतरी नातं असणार हे ओळखायला त्यांचं आधारकार्ड लागत नाही. अशा पक्क्या जोड्या आधी धरायच्या, त्यांच्या शेपट्यांवरून नवीन जोड्या ओळखायच्या, पुन्हा पहिल्यापासून फिरायचं. चेक, इंग्रजी, फ्रेंच कवितेवर हे चाललं. मग लेवेंते शेलाफ आणि मंडळींनी प्लेखाचला सोबत घेऊन तेच जाळं सोळाव्या शतकातल्या हंगेरियन ऐतिहासिक गाण्यांवर टाकलं. म्हणजे आमच्या तिनोदीच्याच जातभाईंवर. तो अभ्यास २०२१मध्ये छापून आला.

आणि इथे 'वॉलॉ' पुन्हा दारात उभा राहतो. यंत्राला विचारा, 'होता'शी 'होता' जुळतं का? यंत्र म्हणेल, शंभर टक्के, याहून जास्त जुळणं शक्यच नाही. प्राध्यापकाला विचारा. तो म्हणेल, शून्य, तोच शब्द पुन्हा म्हणजे यमक नव्हे, आळस. दोघांपैकी कुणालाही सर्टिफिकेट द्यायच्या आधी मराठी माणसाने जरा गझलेकडे बघावं. गझलेत शेराच्या टोकाला तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याला आपण रदीफ म्हणतो आणि मान डोलावतो. खरा कस लागतो तो त्याच्या अलीकडे, काफियात. 'म्हणत होता'खाली 'आणत होता' आलं, तर वाहवा. 'म्हणत होता'खाली 'झोपला होता' आलं, तर कोजागिरी. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' ज्याने एकदा चाळलीय, त्याला हा फरक झोपेतही कळतो.

तिनोदीकडे दोन्ही प्रकारचा माल आहे. कित्येक ठिकाणी 'वॉलॉ'च्या अलीकडच्या क्रियापदांच्या शेपट्याही एकमेकींशी जुळतात. म्हणजे ओळीच्या टोकाशी थांबलेल्याला आळस दिसतो आणि एक पाऊल मागे गेलेल्याला कारागिरी दिसते. तिनोदीने गझल लिहिली असं मी म्हणत नाही. उगाच कुणीतरी उद्या व्हॉट्सअॅपवर 'हंगेरीतील आद्य गझलकार' फिरवायचं. मी एवढंच म्हणतो, की यंत्राला शेवटचा शब्द कापून अलीकडचा बघ, असं कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारा माणूस असतो. त्याला काफिया माहीत असला तर यंत्र हुशार, नसला तर यंत्र प्राध्यापक.

शिवाय गाण्याचा मुद्दा राहतोच. हे सगळं गायचं काम. सभोवती दमलेले, प्यालेले, जखमा बांधलेले शिपाई. त्यांना ओळ कुठे संपली हे कळलं पाहिजे, एवढंच 'वॉलॉ'चं काम. तो पोवाड्यातल्या 'जी जी रं जी'सारखा आहे. झीलकऱ्याच्या 'जी जी'त प्रतिभा शोधायला कुणी जात नाही.

मग प्रश्न येतो, हे एवढं झुडूपरान मोजून मिळालं काय? मिळाला बॉलॉशी बालिंत.

तो हंगेरियनांना आधीच मिळालेला होता म्हणा. १५५४ साली, 'क्रोनिका' छापलं त्याच वर्षी जन्मला. सरदार, शिपाई, कर्जबाजारी, दुसऱ्याच्या बायकोवर प्रेम करण्यात निष्णात. १५९४मध्ये एस्तेरगोमच्या वेढ्यात तोफगोळ्याने दोन्ही मांड्या फोडल्या, त्यात गेला. तुर्कांशी लढता लढता त्याने तुर्की शिकून घेतली आणि तुर्की द्विपदींवरून हंगेरियन कविता केल्या. त्या द्विपदीला तो 'बेय्त' म्हणतो, आपण मुशायऱ्यात 'बैत' म्हणतो, शब्द एकच, अरबी. त्याच्या प्रेमकविता तो जिवंत असताना छापल्या गेल्या नाहीत. लोक त्याला भक्तिगीतांचा कवी समजून बसले होते. १८७४मध्ये राद्वान्यच्या एका सरदारी ग्रंथालयात त्याच्या कवितांची हस्तलिखित वही सापडली, तेव्हा भक्ताचा खरा देव कोण ते कळलं.

या बालिंतच्या नावाचं एक कडवं आहे. सहा अक्षरं, सहा अक्षरं, सात अक्षरं, असं तीनदा. सहाच्या जोड्या आपसात जुळतात, दर वेळी नवीन यमकाने. आणि तिन्ही सात मात्र एकमेकांशी जुळतात. अअब, ककब, डडब. कडव्यात चार वेगवेगळी यमकं, आणि ती सांभाळत रडायचंही. झुडपाशेजारी हे म्हणजे कुंडीत छाटून वाढवलेलं झाड. त्या मापाची चाल आधीही लोक गात होते, स्वतः बालिंतच कवितेच्या डोक्यावर 'अमुक गाण्याच्या चालीवर' अशी टीप लिहून ठेवतो. पण त्या चालीवरून उतरून तो हळूहळू कानाऐवजी डोळ्यांसाठी लिहायला लागला.

बालिंत थोर आहे हे हंगेरीत शाळेतलं पोरही सांगतं. पण कितीने थोर? कुणापेक्षा वेगळा? हे सांगायला त्याच्या आजूबाजूचे ते टुकार शेकडो हवेत. होर्वातने १९८२मध्ये बालिंतवर पुस्तक लिहिलं, ते या ढिगाऱ्यावर उभं राहून. समीक्षक निवडक कविता वाचतो आणि त्या निवडकांत एकाला 'अभूतपूर्व' ठरवतो. 'अभूत' ठरवायचं तर आधीचं सगळं भूत वाचायला नको? ते वाचायला कुणाला वेळ असतो? कॉम्प्युटरला असतो. दीड हजार कविता तो एकाच चेहऱ्याने वाचतो, जांभई देत नाही, चहाला उठत नाही, कवीचा मुलगा आपल्या खात्यात अधिकारी आहे का ते बघत नाही. वाईट कवितेला इतका सज्जन वाचक जगात पहिल्यांदाच लाभला.

आपल्याकडे दर महिन्याला एखाद्या संग्रहाच्या पाठीवर छापून येतं, 'मराठी कवितेत प्रथमच'. कुठल्या कवितेत? किती वाचल्या? आधीच्या किती जणांनी हेच केलं नव्हतं, ते कुठल्या रकान्यात बघून ठरवलं? माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहिताना वृत्तांची छाननी हाताने केली, १९२७मध्ये केली, आणि समाधान झालं नाही म्हणून १९३७मध्ये वाढवून पुन्हा केली. त्यांना कुठे 'प्रथमच' म्हणायची घाई झालेली दिसत नाही. पाठमजकूर लिहिणाऱ्याचं मात्र सगळं एका चहात उरकतं.

होर्वातच्या जंत्रीचं पुस्तक १९९२मध्ये निघालं. पॅरिसमध्ये, फ्रेंचमध्ये, दोन खंडांत. हंगेरियन कवितेची ही वंशावळ हंगेरियन वाचकाने फ्रेंच शिकून बघावी, अशी सोय. पण मला त्या पुस्तकात सगळ्यात आवडतं ते उपशीर्षक. त्याचा अर्थ होतो, 'डेटाबेसमधल्या चुका दुरुस्त करण्याची पुस्तिका'. दोन जाडजूड खंड, कित्येक माणसांची कित्येक वर्षं, आणि मुखपृष्ठावर सांगून टाकलंय की खरी गोष्ट यंत्रात आहे, ती चुकीची असू शकते, हे पुस्तक हातात घ्या आणि आम्हाला पकडा. आमच्याकडे शुद्धिपत्र असतं ते शेवटच्या पानाला चिकटवलेल्या चिठोऱ्यावर, तेही प्रकाशकाच्या चुलतभावाला दिलेल्या प्रतीत नसतं.

असो. कोजागिरीचं सांगायचं राहिलं.

मी पुतणीला म्हटलं, शेवटचा शब्द काढून टाक, अलीकडच्या शब्दावर रांग लाव. तिने लावली. 'आहे'वाल्यांची एकदम पांगापांग झाली. बहुतेकांच्या अलीकडे काहीच जुळत नव्हतं. तिथे 'सुंदर', 'खूप' आणि एका ठिकाणी 'पार्किंगमध्ये' सापडलं. एक कविता मात्र जागची हलली नाही. 'दळत होते', 'मळत होते', 'जळत होते', 'कळत होते', बारा कडवी, एकही ओळ घसरलेली नाही. खाली नाव नव्हतं. नंबरावरून शोधलं तर बी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी.

सेक्रेटरींना फोन केला तेव्हा ट्रॉफी आधीच कोरून आली होती, प्रायोजकांच्या सौभाग्यवतींच्या नावाने. त्यांच्या कवितेत 'चंद्र' नऊ वेळा होता, यमक एकदाही नव्हतं. मुक्तछंद, असं सेक्रेटरी म्हणाले.

मी तरी वर जाऊन आजींना गाठलं. म्हटलं, आजी, काय यमकं साधलीत हो. त्या पोळ्यांचं पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "यमक कसलं, अहो! आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची चाल धरली, ती सोडली नाही. चाल सुटली की दळण सांडतं."

कागदाच्या डोक्यावर ती चाल कुठली ते लिहून द्या म्हटलं. त्यांनी पीठ लागलेल्या हातानेच पेन्सिल घेतली, कानाशी दोनदा गुणगुणून बघितलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'चाल : आईची'.